हजेरीपटावरची रत्ना

पारोळ्याजवळच्या त्या महाविद्यालयात आज चौदाशे पोरं शिकतात. पण पन्नास वर्षांमागे तिथं चिंधाआबांचं चार बिघे कपाशीचं रान होतं. त्यांची रत्ना ही गावातली मॅट्रिक झालेली पहिली मुलगी. पुढं शिकायला धुळ्याला जाते म्हणाली, तर आबांनी धाडली नाही. त्याच श्रावणात ती तापानं गेली. पुढच्या हरिनाम सप्ताहात, गावात कॉलेज व्हावं म्हणून कीर्तनकार बुवांनी भर कीर्तनात उपरणं पसरलं. आबा उठले आणि रान देऊन मोकळे झाले. अट एकच, हजेरीपटावर पहिलं नाव रत्नाचं.

बुवा मायेनं हो म्हणाले. पत्र्याच्या दोन खोल्यांशेजारी तीन मजली इमारत उठली, विज्ञान शाखा आली, मुलींचं वसतिगृह झालं. जुन्या खोलीत मात्र रोज सकाळी पहिला पुकारा रत्नाचाच व्हायचा आणि सगळा वर्ग एका सुरात "हजर" म्हणायचा. नामाला केवढी ओढ असते, हे जन्मभर कीर्तन ऐकलेल्या गावाला का सांगायला हवं? पण मायेपुढं माणूस ऐकलेलं विसरतो.

असोद्याहून नव्यानं आलेल्या मयुरी मॅडमच्या पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट ध्यानात आली. वर्गाचा सूर थांबला की मागून एक "हजर" उशिरानं यायचा. शेवटच्या बाकावर कुणी बसत नसे, तरी त्याच्यावर धूळ म्हणून नव्हती.

"पहिला नंबर कधी दांडी मारत नाही, मॅडम," शिपाई नवलभाऊ म्हणाला. "तुमच्या बाकीच्या दिवट्यांना सांगा जरा." बोलला हसून, पण पाय उंबऱ्याच्या आत टाकला नाही.

एके सकाळी नव्वदीचे चिंधाआबा काठी टेकत आले आणि वर्गाच्या पायरीवर बसले.

"माय, रत्नानं नाव आते काढी टाक."

"आबा, अट तर तुमचीच होती ना?"

"मनीच चूक. रोज हाका मारतस, मंग पोर जाई कशी? तिनी माय तठे वर वाट पाही ऱ्हायनी. मी बी आते जासू. आनि पोर आठेच बठेल शे." आबांनी काठीनं शेवटचा बाक दाखवला.

मयुरीनं पेन उचललं, तसंच खाली ठेवलं. बोलावून आणलेल्याला न सांगता कसं घालवायचं? ती वर्गाकडं वळली. "आज पहिल्या नावाला कुणी ओ द्यायची नाही."

मग तिनं पुकारलं, "रत्ना चिंधा पाटील."

पंचेचाळीस पोरं ओठ मिटून बसली.

"हजर," मागून आवाज आला. कोवळा, सांगितलेलं ऐकणारा. पहिल्या बाकावरच्या कोकिळानं मैत्रिणीचं मनगट घट्ट धरलं.

आबा काठीच्या आधारानं उठून दारात उभे राहिले. "रत्ना, मी तुले धुळ्याले धाडाले पाहिजे व्हतं." त्यांनी काठी उजव्या हातात घेतली. "चाल बेटा. सुटी व्हयनी."

मागचा बाक करकरला. बाकांमधल्या वाटेनं काहीतरी गार सरकत गेलं. दोन्ही बाजूंच्या वह्यांची पानं एकामागून एक उलटली. आबांनी हात पुढं केला. त्यांची बोटं हलकेच मिटली.

मयुरीनं त्या ओळीपुढं लिहिलं, 'नाव कमी केले', आणि हात जोडले.

पोरं खिडकीशी गोळा झाली. आबा फाटकाबाहेर पडून रस्त्याच्या कडेनं सावकाश चालले होते, डाव्या अंगाला एक माणूस मावेल एवढी जागा सोडून. समोरून येणारा सायकलवाला घंटी वाजवत त्या रिकाम्या जागेला वळसा घालून गेला.