बंगल्यावरची ड्युटी

जास्मिन अमोलिक पोलिसात भरती झाली तेव्हा श्रीरामपूरला तिच्या चर्चमध्ये उपकारस्तुतीची प्रार्थना झाली होती. तिचे वडील प्रभुदास त्या दिवशी बाकावर इतके ताठ बसले होते की पाळकसाहेबांनाही हसू आवरेना. पुढे ती दुसऱ्या तालुक्याला रुजू झाली. कुणी विचारलं की प्रभुदास सांगायचे, "बंदोबस्ताला असते आमची जास्मिन."

प्रत्यक्षात जास्मिन उपअधीक्षक हर्षल गर्जे यांच्या बंगल्यावर मॅडमच्या साड्यांना इस्त्री करत होती. कागदावर तिला 'गार्ड ड्युटी' होती. पहारा होता तो गॅसवरच्या दुधावर. सकाळी भाजी आणायची, दुपारी धुणं वाळत घालायचं, संध्याकाळी साहेबांचं कुत्रं फिरवून आणायचं. भरतीच्या मैदानावर पोरांच्या बरोबरीनं धावलेली ही पोरगी आता त्या कुत्र्यामागे धावत होती. बंगल्यावर तिच्यासारखे आणखी दोघंतिघं होते. तक्रार कुणी करत नव्हतं, कारण तक्रार ज्यांच्याकडे करायची ते साहेबच आत सोफ्यावर बसलेले असत.

त्यातच साहेबांच्या आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि साळूबाई पाथर्डीकडच्या गावाहून बंगल्यावर आल्या. त्यांना अंघोळ घालायची, पाय चेपायचे, धरून चालवायचं, ही सगळी कामं जास्मिनकडे आली.

"उद्यापासून युनिफॉर्म नको," साहेब म्हणाले. "आई बुजते."

साळूबाई कुणाला बुजणाऱ्यातल्या नव्हत्या. अख्खं आयुष्य ऊसतोडीत गेलेली बाई, पट्टीच्या मुकादमापुढे मान वर करून बोललेली. खाकीतली बाई म्हातारीला न्हाऊ घालताना कुणी मोबाईलवर टिपली तर काय, ही धास्ती साहेबांची होती.

म्हातारीला जास्मिन आवडली. तिचं नाव काही साळूबाईंच्या जिभेला वळलं नाही, म्हणून त्या तिला जासू म्हणायच्या. पाय चेपून घेता घेता जुन्या गोष्टी निघायच्या.

"मुकादमाची बायकू लई माजुरी व्हती बग. दिसभर ऊस तोडायचा, मोळ्या वाहायच्या, अन् सांजच्याला तिची धुनी धुवायची. न्हाई म्हनलं, का दुसऱ्या दिशी तोडाया लई जड, आडवा पडलेला ऊस आपल्या वाट्याला."

"मग धुवायचात, आजी?"

"धुवायचेच की. तुझं बरं हाय पोरी. तू कामाला म्हून लागलीस, काम करतीस. मला कुनी इचारलंबी न्हवतं."

आपण पोलीस आहोत, हे जास्मिनच्या ओठावर आलं होतं. ते तिनं गिळलं आणि तेलाची वाटी उचलली.

साहेबांच्या नोकरीचा आणखी एक भाग होता, तो म्हणजे भाषणं. ऊसतोड कामगाराचा मुलगा साहेब झाला, ही गोष्ट ते फार सुंदर सांगत. फडावरच्या झोपडीत, कोपीत, जळणारी रॉकेलची चिमणी, उसाच्या पाचटावरची झोप, आईच्या हाताचे घट्टे. घट्टे म्हणताना आवाज कुठे दाटायचा हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. स्पर्धा परीक्षांचे क्लासवाले त्यांना हार घालायचे, पोरं सेल्फी काढायची. त्या आईचे पाय आता बंगल्यात कोण चेपतं, हे विचारायला कुणाला सवड नव्हती.

एका कॉलेजात मोठा कार्यक्रम ठरला. जिल्ह्याच्या ठिकाणाहून वरिष्ठ येणार होते. साहेबांना कल्पना सुचली की या वेळी आईलाच स्टेजवर आणायचं. जास्मिनला निरोप आला, "कडक युनिफॉर्ममध्ये ये. आईचा हात धरून तूच आण. महिला पोलीस फोटोत बरी दिसते."

गाडीत बसताना साळूबाईंनी तिला ओळखलंच नाही.

"आजी, मी जास्मिन."

म्हातारी तिच्या खांद्यावरच्या पट्टीकडे पाहत राहिली. मग तिच्या टोपीला हात लावला. "तू पोलीस हायेस? खरीखुरी?"

"हो, आजी."

"परीक्षा दिऊन?"

"परीक्षा देऊन, धावून, सगळं करून."

त्यानंतर साळूबाई वाटभर खिडकीबाहेर बघत बसल्या. जास्मिनला आपणच काही चोरल्यासारखं वाटत होतं.

कॉलेजात साहेबांचं भाषण नेहमीसारखं रंगलं. "माझ्या आईनं मुकादमाच्या घरची धुणी धुतली," साहेब म्हणाले आणि थांबले. आवाज दाटला. "त्या दिवशी मी ठरवलं, असं कुणाच्या लेकीबाळीवर येऊ द्यायचं नाही. म्हणून ही खाकी!"

टाळ्या थांबेनात. सूत्रसंचालकानं माइक साळूबाईंपुढे धरला. "आई, दोन शब्द."

साळूबाईंनी शेजारी उभ्या असलेल्या जास्मिनचं मनगट पकडलं.

"हरशा, ही पोरगी पोलीस हाय म्हनं. मला म्हाईत न्हवतं. ही रोज माझं पाय चेपती. तुझ्या बायकूची धुनी वाळत घालती. कुत्र्याची घान काढती. मग ही पोलीस, तर तू कोन रं? मुकादम?"

मागच्या बाकांवरून शिट्टी आली आणि पोरांनी पुन्हा टाळ्या सुरू केल्या. साहेब हसले. "आईचा स्वभाव आधीपासून विनोदी," म्हणाले. वरिष्ठ पाण्याच्या बाटलीचं लेबल वाचत होते.

ती क्लिप रात्रीतून गावोगाव फिरली आणि वरिष्ठांना चौकशी लावावीच लागली. गर्जेसाहेब घाबरले नाहीत. ते आईला घेऊन डॉक्टरकडे गेले. म्हातारीला धरायला अर्थात जास्मिनच होती.

डॉक्टरांनी वार विचारला, साळूबाईंनी सांगितला. महिना सांगितला, देशाचा पंतप्रधान सांगितला. नातवंडांची नावं थोरल्यापासून सांगितली.

"आणि मुलाचं नाव?"

"व्हता एक, हरशा. आता त्याचं गर्जेसाहेब झालंय."

"स्मरणशक्ती उत्तम आहे," डॉक्टर म्हणाले. साहेबांनी फाईल बंद केली. साळूबाईंना आपल्याला कशाला आणलंय ते एव्हाना कळून चुकलं होतं. बंगल्यावर येताच त्यांनी लुगडी पिशवीत कोंबली आणि काठी टेकत एसटी स्टँडची वाट धरली. साहेब अडवायला आले नाहीत. जास्मिननं साळूबाईंना एसटीत बसवून दिलं.

"आजी, माझ्यामुळं झालं सगळं."

"तुझ्यामुळं? येडी का खुळी तू! मी वाढवला त्याला."

दोन दिवसांनी जास्मिनला चौकशी अधिकाऱ्यांपुढे बोलावलं. ती पुढे येईल त्या जबाबावर सही करायच्याच तयारीनं गेली होती. नोकरी टिकवायची होती, घरी धाकटा भाऊ शिकत होता. अधिकारी अगदी मायेनं बोलले. त्यांच्यापुढे चहा ठेवणारा कॉन्स्टेबलही त्यांच्या बंगल्यावरचाच असावा. कपबशी कुठे ठेवायची ते त्याला न सांगता कळत होतं.

"काही नाही, एवढंच सांगा. तुम्ही माणुसकीनं, स्वतःहून मदत करत होता. आणि मातोश्रींना विसरभोळेपणा आहे. भ्रम होतात. तुम्ही रोज जवळ असायचात, तुमच्या शब्दाला वजन."

"भ्रम होतात, असं कोण म्हणतं, सर?"

"खुद्द गर्जेसाहेबांनी लिहून दिलंय."

जास्मिननं उचललेलं पेन परत टेबलावर ठेवलं. कुत्र्यामागे धावणं तिनं सोसलं होतं. पण पोटच्या पोरानं आईला वेडी ठरवावं आणि त्यावर आपण साक्षीदार व्हावं, हे तिच्या घशाखाली उतरेना.

"आजींचं डोकं ठिकाणावर आहे, सर. मी स्वतःहून काही करत नव्हते. मला सांगितलं जायचं."

"बदली होईल, अमोलिक."

"होऊ द्या, सर. बंगल्यावरून तर होईल."

चौकशीचा निकाल असा लागला, की नियमभंग आढळून येत नाही. संबंधित अधिकाऱ्यांना भविष्यात काळजी घेण्याबाबत समज देण्यात यावी. समज मिळालेल्या गर्जेसाहेबांना लवकरच आधीपेक्षा मोठ्या शहरात पोस्टिंग मिळालं. आईच्या हाताचे घट्टे मात्र त्यांनी भाषणातून वगळले. आता ते वडिलांच्या फाटक्या धोतरावर बोलतात.

जास्मिनला जिल्ह्याच्या पार कडेच्या चौकीवर टाकलं. पत्रे गळत होते, मोबाईलला रेंज नव्हती. पहिल्याच आठवड्यात केशरबाई नावाची एक बाई रडत आली. गोठ्यातल्या शेळ्या चोरीला गेल्या होत्या. जास्मिननं तिचा जबाब घेतला, हवालदार रंगनाथच्या ताब्यातल्या मोटारसायकलवर मागे बसून चाकांच्या खुणांमागे लांबपर्यंत गेली. शेळ्या काही सापडल्या नाहीत. चोरांकडे टेम्पो होता आणि सरकारची मोटारसायकल अर्ध्या वाटेत पंक्चर झाली. मागून पायी निघालेल्या केशरबाईनं त्यांना तिथंच गाठलं.

"तुमी आलात तरी," केशरबाई म्हणाली. "एवढ्या वर्सात हितं कुनी आलं न्हवतं."

"उद्या बाजार आहे ना? चोर शेळ्या तिथं आणू शकतात," जास्मिन म्हणाली. "तुम्ही माझ्याबरोबर चला. तुमच्या शेळ्या तुम्हीच ओळखाल."

आणि दोघी मिळून मोटारसायकल ढकलू लागल्या. रंगनाथ पुढून हँडल धरून साहेब लोकांना मोजक्या शब्दांत शिव्या घालत होता.