वेळ पडली तर

मी सिमची खाच बोलतेय. टॅबलेटच्या कडेला एक बारीक फट आणि तिच्या शेजारी टाचणीच्या टोकाएवढं भोक असतं ना, तीच मी. तुम्ही मला कधी पाहिलं नसेल. माझ्या मालकानंही दोन वर्षं पाहिलं नव्हतं.

कारखान्यात माझा तोरा काय वर्णावा! आमच्याबरोबरचे निम्मे टॅबलेट माझ्याविनाच जन्मले. घरचं वायफाय असेल तर ते चालणार, उंबरठा ओलांडला की ठप्प. आमचा मात्र सिम घातलं की कुठूनही बोलणारा. म्हणून महागही.

आम्हाला घेतलं अण्णांनी. निवृत्त हेडक्लार्क. स्वतः वापरायचे बटणांचा फोन, टॅबलेट घेतला तो थोरल्या बहिणीसाठी, आक्कासाठी. आक्काला जन्मापासून ऐकू येत नाही, ती हातांनी बोलते. शाळेत कुणी घातलं नाही, त्यामुळे लिहिता-वाचता येत नाही. लेक दूरच्या शहरात. रोज चार वाजता पडद्यावर मायलेकींचे हात असे भराभर चालायचे की माझा शेजारी कॅमेरा दमून जायचा. अण्णांना मात्र त्यातलं ओ की ठो कळत नसे. आक्काशी बोलायचं झालं की ते मोठ्यांदा ओरडायचे. ऐकू न येणाऱ्या माणसाशी!

"सिमवालाच द्या," ते दुकानदाराला म्हणाले होते. "वेळ पडली तर असावं."

झालं! नवं सिम सुरू झालं आणि कागदाच्या घडीत अण्णांच्या पाकिटात गेलं. मला उघडायची पिन कपाटाच्या लॉकरात, जपून. माझ्यावर जाडजूड कव्हर. सिमला मात्र दर महिन्याला न चुकता रिचार्ज! वर टॅबलेटमधलं मोबाइल डेटाचं बटणही बंद, डेटा उगाच संपायला नको म्हणून. अहो, सिम पाकिटात, मग डेटा संपणार कुठून? पण हेडक्लार्कला कोण शिकवणार? कुणाकडे गेले की ते पाण्याआधी वायफायचा पासवर्ड मागायचे.

"मामा, घाला ना ते सिम," भाची पडद्यावरून काकुळतीला यायची. "घराबाहेर पडलं की आईचं बोलणंच बंद होतं."

"घरात वायफाय आहे की! वेळ पडली तर घालू."

आणि एका सकाळी वेळ पडली. आक्का पोट धरून कळवळायला लागली. रिक्षा, दवाखाना, खाट. टॅबलेट तिनं छातीशी घट्ट धरलेला. डॉक्टरीणबाई विचारत होत्या, आक्का हातवारे करत होती, आणि उत्तरं देत होते अण्णा.

"काहीतरी वेडंवाकडं खाल्लं असेल."

"कुठलं औषध सोसत नाही का त्यांना?"

"छे! तिला कधी काही होत नाही."

दवाखान्याचं वायफाय घ्यायला कसलासा अर्ज भरायचा होता. नर्सबाईंच्या फोनवरून नेट घ्यावं, तर तो वॉर्डाच्या दारात जमा. इंजेक्शन भरून तयार झालं. ते बघून आक्का दोन्ही हात जोरजोरात हलवायला लागली.

"घाबरतेय," अण्णा म्हणाले.

घाबरतेय कसली, कपाळ! ती सांगत होती, आणि ऐकायला कुणी नव्हतं. मी तिथेच होते हो, कव्हराखाली, रिकामी. आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नाही.

मग आक्कानं काय केलं? अण्णांच्या खिशात सरळ हात घालून पाकीट काढलं. कव्हर ओरबाडलं, कानातलं काढलं आणि त्याची दांडी माझ्या शेजारच्या भोकात खुपसली. टक्! मी उघडले. सिम पहिल्या फटक्यात नीट बसलं. बंद केलेलं बटणही तिनंच चालू केलं. लेकीनं पडद्यावरून हे सगळं तिला कधीच शिकवून ठेवलं होतं. अण्णा तोंड उघडं टाकून बघत राहिले.

लेक पडद्यावर आली. आक्काचे हात सुटले.

"थांबा!" भाची ओरडली. "मागे एका इंजेक्शननं हिचा श्वास अडकला होता. नाव लिहिलेला कागद माझ्याकडे आहे, हा बघा. आणि दुखणं तीन दिवसांचं आहे, उजवीकडे, खाली."

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावरचा कागद वाचला आणि नर्सबाईंच्या हातातलं इंजेक्शन काढून घेतलं. संध्याकाळी अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. आक्का वाचली.

चौथ्या दिवशी अण्णांनी भाचीला हळूच विचारलं, "त्या दिवशी शेवटी माझ्याकडे बोट दाखवून ती काय म्हणाली गं? शिव्या दिल्या ना?"

"नाही मामा. म्हणाली, याला रागावू नका. भाऊ माझा चांगला आहे, फक्त त्याला माझं बोलणं येत नाही."

अण्णा नुसते चष्मा पुसत बसले.

आता सिम माझ्यातच असतं. कव्हराला माझ्यापुरती खिडकी कापलीय. तुमच्याही टॅबलेटच्या कडेला माझी एखादी बहीण उपाशी बसली असेल, तेवढं बघा, पाया पडते.

आणि हो, हल्ली चार वाजता अण्णाही पडद्यासमोर बसतात. काल त्यांनी आक्काला हातांनी विचारलं, "दुखतंय का?" भाचीच्या म्हणण्याप्रमाणे ते प्रत्यक्षात "तू म्हैस आहेस का?" असं झालं. आक्का टाके धरून हसली. मग तिनं साठीच्या भावाची बोटं आपल्या हातात घेतली आणि एकेक करून नीट लावून दिली.