एका माणसाचं बुकिंग

कार्डावरचे पॉइंट्स महिनाअखेर रद्द होणार, असा बँकेचा निरोप आला आणि ते पॉइंट्स आपलेच आहेत, हे घरातल्या प्रत्येकाला एकदम आठवलं.

भावोजींचं म्हणणं, त्यातले निम्मे त्यांच्या गुडघ्याचे. ऑपरेशनचं बिल मावशीच्या कार्डावरून गेलं होतं. भाच्याचं म्हणणं, लग्नाचा हॉल कुणाचा होता? ताईने कपडे धुवायच्या मशीनची आठवण करून दिली. खरं तर त्या घरातली प्रत्येक मोठी खरेदी मावशीच्या कार्डावरून व्हायची, कारण बिलाची तारीख न चुकवणारं माणूस घरात एकच होतं. पैसे ज्याचे त्याने यथावकाश चुकते केले. पॉइंट्स मात्र कार्डालाच चिकटून राहिले आणि कुणी विचारपूस केली नाही म्हणून गुपचूप वाढत गेले.

ताईला नवा मिक्सर हवा होता, भाच्याला हेडफोन. मावशीने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि चहाचे कप गोळा करता करता सांगितलं, "मी ते काल वापरले."

"कशावर?"

"हॉटेलवर. शहरातल्या त्या नदीकाठच्या मोठ्या हॉटेलात दोन रात्री. रेल्वेचं पहिल्या वर्गाचं तिकीटही त्यातच बसलं."

"अगं बाई. कोण कोण जायचंय?" ताई पदर सावरून बसली.

"मी."

"आणि?"

"आणि कोण? एका माणसाचं बुकिंग आहे."

मग भावोजी म्हणाले, "म्हणजे गुडघा माझा, आणि चालायला जाणार तुम्ही."

मावशी ही ताईची धाकटी बहीण. लग्न राहून गेलं असं लोक म्हणत. नको होतं म्हणून केलं नाही, असं ती म्हणे. दातांच्या लॅबमध्ये ती कामाला होती. डॉक्टरांकडून आलेल्या मापांवरून कवळ्या आणि दातांच्या कॅपा बनवायच्या, घासायच्या, रंग जुळवायचे. तिथेही सगळे तिला मावशीच म्हणत. लॅबचे मालक तिच्याहून वयाने मोठे होते, तेसुद्धा.

खरं कारण तिने घरी सांगितलं नव्हतं. मालक त्या शहरात दुसरी लॅब उघडत होते आणि ती मावशीने चालवावी, अशी त्यांची इच्छा होती. सोमवारी उत्तर द्यायचं होतं. कामाची तिला धास्ती नव्हती. अडचण निराळीच होती, आणि पन्नाशी उलटलेल्या बाईने चारचौघांत सांगावी अशी ती नव्हती. मावशी आयुष्यात एकदाही खोलीत एकटी झोपली नव्हती. लहानपणी शेजारी ताई. मग वसतिगृहात खोलीत तिघी. मग ताईच्या घरी आधी भाचा, आणि आता भाच्याची मुलगी चिमणी, जी झोपेत पलंगभर फिरे. एकटीने राहणं आपल्याला झेपेल की दोन दिवसांत रडत परत येऊ, याचा मावशीला स्वतःलाच अंदाज नव्हता. तेव्हा परीक्षा द्यायचीच, तर निदान गादी चांगली असावी, एवढा हिशोब तिने केला होता.

निघताना चिमणी दारात आडवी उभी राहिली. "मग मी लाथा कुणाला मारू?"

"बापाला मार. इतकी वर्षं मीच त्याच्या वाटच्या खाल्ल्यात."

हॉटेलचा दिवाणखाना एवढा मोठा होता की रिसेप्शनच्या टेबलापर्यंत पोचताना मावशीला आपल्याच चपलांचा आवाज नकोसा झाला. रिसेप्शनवरच्या मुलीने हसून किल्लीचं कार्ड दिलं. खोली वरच्या मजल्यावर होती. खिडकीतून नदी, पूल आणि पलीकडची दिव्यांची रांग. पलंगावर चार माणसं आडवी झोपली असती. मावशीने बॅग खाली ठेवली, न्हाणीघरातल्या सगळ्या बाटल्या उघडून हुंगल्या, टबात कपड्यांसकट बसून पाहिलं, आणि मग काय करायचं ते न सुचल्याने जेवायला खाली गेली.

तिथे घोळ झाला.

जेवणघरात जिकडेतिकडे जोड्या बसल्या होत्या. दारातच पिकल्या कल्ल्यांचा, ताठ पाठीचा मुख्य वेटर उभा होता. त्याने अदबीने विचारलं, "मॅडम, अजून कुणी येणार आहे?"

"येताहेत," मावशी म्हणाली.

का म्हणाली, देव जाणे. आसपासच्या तीस-चाळीस डोळ्यांना घाबरून जीभ पुढे पळाली आणि ती मागे राहिली. वेटरने तिला खिडकीजवळच्या टेबलाशी नेलं, समोर दुसरी प्लेट मांडली, दुसरा ग्लास पालथ्याचा उताणा केला, समोरची खुर्ची जरा ओढून ठेवली, आणि निघून गेला. तो परत येईना. साहेब आल्याशिवाय ऑर्डर घ्यायची नाही, हा त्याचा शिष्टाचार. मावशीने टोपलीतला पाव संपवला. लोणी नुसतंच संपवलं. पोटात कावळे कोकलायला लागले तेव्हा तिने त्याला खूण केली.

"ते म्हणाले, तू सुरू कर."

वेटरने सूप आणलं. एक तिच्यापुढे ठेवलं आणि दुसरं समोरच्या रिकाम्या जागी, वर झाकण घालून, साहेबांचं थंड होऊ नये म्हणून. शेजारच्या टेबलावरच्या बाईने त्या झाकणाकडे पाहिलं, मग मावशीकडे. एवढ्यात फोन वाजला. ताई.

"पोचलीस का? मी केव्हाची वाट बघतेय."

वेटर पाण्याचा जग घेऊन अगदी कोपराशी उभा होता. मावशीने घसा साफ केला. "हो, पोचले ना. तुम्ही या सावकाश. घाई करू नका."

"तुम्ही? मी कुठे येऊ? अगं, मी ताई बोलतेय."

"हो हो, कळतंय मला. गर्दी असेल रस्त्यात."

"माझा रस्ता स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात येतो. तू पडलीबिडलीस का डोक्यावर? अहो, ऐकलंत का, ही मला अहो-जाहो करतेय—"

मावशीने फोन ठेवला आणि वेटरकडे पाहून हसली. "उशीर होणार म्हणतात."

खोलीत परतली तर पलंगाशी सपातांचा दुसरा जोड आणि खुंटीला दुसरा झगा हजर. पाठोपाठ रिसेप्शनवरच्या मुलीचा फोन. "मॅडम, आपलं बुकिंग एका व्यक्तीचं आहे. साहेब आले की त्यांची नोंद तेवढी करावी लागेल."

"सकाळी बघू," मावशी म्हणाली. नसलेल्या माणसाने आपल्याला भलतंच अडचणीत आणलं, याचा तिला मनापासून राग आला. त्या रागाच्या भरात ती दिवा मालवून पलंगाच्या कडेला, सवयीने भिंतीच्या बाजूला जागा सोडून आडवी झाली. भीती वाटायची राहूनच गेली.

सकाळी जाग आली तेव्हा ती पलंगाच्या मधोमध होती, हातपाय चारी दिशांना, उशा जमिनीवर. ऊन गळ्यापर्यंत आलं होतं. रात्री एकदाही जाग आली नव्हती, हे तिच्या हळूहळू लक्षात आलं. ती तशीच पडून राहिली आणि छताकडे बघत स्वतःशी म्हणाली, "बघा."

आता तो माणूस निस्तरायचा होता. ती सरळ रिसेप्शनवर गेली. "ते येणार नाहीत."

मुलीचा चेहरा पडला. "काही हरकत नाही, मॅडम," ती म्हणाली, पण ज्या आवाजात म्हणाली तो मयताच्या घरी जायला राखून ठेवलेला आवाज होता. नाश्त्याला वेटरने न मागितलेला केक आणून ठेवला आणि दोन पावलं मागे सरकून उभा राहिला, म्हणजे मावशीला रडायचं असेल तर आडोसा व्हावा. मावशीने केक खाल्ला, अंडी खाल्ली, फळं खाल्ली, पुन्हा अंडी मागवली. दुःखात माणसं अशीही खातात, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

मग ती शहरात सुटली. सुटली हाच शब्द बरोबर. चित्रांच्या प्रदर्शनात फक्त एकाच चित्रासमोर उभी राहिली, एका म्हाताऱ्या माणसाच्या, ज्याने तोंड घट्ट मिटून घेतलं होतं. दात नसणार याची तिला खात्री होती आणि चित्रकाराने ते ओठांवरून कसं दाखवलं, हे बघताना तिची मान अवघडली. बाकीची दालनं तिने बघितलीच नाहीत. कुणी म्हणालं नाही की तिकीट काढलंय तर सगळं बघ. दुपारी सिनेमाला गेली. सिनेमा भिकार होता. ती वीस मिनिटांनी उठली, आणि लोकांच्या गुडघ्यांवरून माफी मागत बाहेर पडताना तिला एवढा आनंद झाला की तिने शेजारच्या पडद्यावरच्या दुसऱ्या सिनेमाचं तिकीट काढलं. इतकी वर्षं घराबरोबर बघितलेले सगळे भिकार सिनेमे तिने शेवटपर्यंत बघितले होते, कारण भावोजींना शेवटी काय होतं ते कळल्याशिवाय चैन पडत नसे.

संध्याकाळी पूल ओलांडून ती नव्या लॅबचा पत्ता शोधत गेली. एका चष्म्याच्या दुकानावरची दोन खोल्यांची जागा. रंगारी शिडीवर होता. "काय हवंय?" त्याने वरूनच विचारलं.

"उजेड बघायला आले." मावशी खिडकीशी गेली, बोटांची नखं उजेडात धरून पाहिली. दातांचा रंग जुळवायला हाच उजेड लागतो, उत्तरेचा, शांत. "इथे भिंत पांढरीच ठेवा. पिवळट नको."

"मालकांनी पिवळट सांगितलाय."

"मालकांना मी सांगते," असं म्हणून ती खाली उतरली.

हॉटेलच्या खोलीत फुलं होती, शेजारी छोटं कार्ड. 'आम्ही आपल्या सोबत आहोत.' खाली पाच-सहा जणांच्या सह्या. मावशी पलंगावर बसून इतकी हसली की उचकी लागली. उचकी थांबल्यावर मात्र तिला वाईट वाटलं. एवढी चांगली माणसं, आणि त्यांची सगळी माया एका न जन्मलेल्या लबाड पुरुषापायी वाया चाललेली.

ती जेवायला उतरली. मुख्य वेटर तिची वाटच पाहत होता. त्याने तिला हलक्या पावलांनी कोपऱ्यात नेलं. तिथे एका मोठ्या कुंडीआड टेबल लावलं होतं. झाडाची पानं एवढी दाट की आत बसलेलं माणूस कुणाला दिसू नये.

"इथे निवांत वाटेल तुम्हाला," तो म्हणाला.

बसणं सोपं होतं. जेवण तेच, दिवाही मऊ. मावशीने खुर्चीला हात लावला आणि काढून घेतला.

"नको. मला कालची जागा द्या. खिडकीजवळची."

"ती दोघांची आहे, मॅडम."

"मग एक प्लेट उचला. आणि हे बघा, काल कुणी येणार नव्हतं. कुणी नाहीच मुळी. मी खोटं बोलले."

वेटरने तिच्याकडे निरखून पाहिलं. "साहेब नाहीतच?"

"कधीच नव्हते."

"मग फोनवर?"

"माझी बहीण. तिला वाटलं, मी डोक्यावर पडले."

वेटरच्या ताठ पाठीला काहीतरी झालं. त्याने ओठ आवळले, खांदे हलले, आणि तो तोंडावर हात धरून, भिंतीकडे वळून हसायला लागला. "आणि मी त्यांचं सूप दोनदा गरम करून आणलं," तो कसाबसा म्हणाला. "आमच्या आचाऱ्याने तर त्यांना शिव्यासुद्धा दिल्या."

"देऊ द्या. होतेच ते तसे."

हसताना त्याने हात काढला नाही, आणि मावशीचं लक्ष नको तिथे गेलंच. "वरची कवळी सैल झालीय तुमची," ती आवाज खाली आणून म्हणाली. "हात कशाला धरता? पुढच्या महिन्यात या, नीट बसवून देते. पूल ओलांडला की चष्म्याच्या दुकानावर. मीच असते तिथे."

वाक्य बोलून झाल्यावर तिला ते ऐकू आलं. मीच असते तिथे. सोमवारचं उत्तर शनिवारीच देऊन झालं होतं, तेही मालकांच्या आधी एका वेटरला. ती खिडकीजवळ बसली. समोरची प्लेट गेली होती आणि टेबलावर कोपरं पसरायला भरपूर जागा झाली होती. तिने ताईला फोन लावला आणि सगळं एका दमात सांगितलं. लॅब, शहर, पुढचा महिना, हॉटेलातला टबसुद्धा.

पलीकडे भांडी आपटल्याचा आवाज आला.

"एकटी राहणार?" ताईने विचारलं.

"एकटी."

"आणि माझं कोण ऐकणार?"

"फोनवर ऐकेन. नाहीतरी समोर असताना मी कुठे ऐकते?"

भावोजींनी फोन हिसकावून घेतला. "छान झालं. आता शहरात आलो की उतरायला हक्काची जागा."

"आधी विचारून यायचं, भावोजी."

"मेव्हणीच्या घरी विचारून?"

"हो. माझं घर आहे."

ते शब्द त्यांना आवडले की नाही, कळलं नाही. पण त्यांनी ते ताईला मोठ्याने सांगितले. फोन पुन्हा ताईकडे गेला. "बरं, दर रविवारी इकडे यायचं."

"महिन्यातून एकदा."

"दोनदा."

"एकदा, ताई. आणि एकदा तू इकडे ये. तू एकटी. भावोजींना ठेव घरी."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग आवाज एवढा बारीक करून, की शेजारच्या खोलीतही जाऊ नये, ताईने विचारलं, "त्या हॉटेलात टब आहे म्हणतेस, त्यात पाय पूर्ण लांब होतात का गं?"