आठ चाळीसची गोळी

सकाळी आठ चाळीसला विक्रमचा फोन यायचा. कुकटपल्लीहून ऑफिसला निघालेली त्याची गाडी तेव्हा हमखास ट्रॅफिकमध्ये अडकलेली असे, आणि अडकलेल्या माणसाला आई आठवते.

"आई, हळदीची गोळी घेतलीस?"

"हौ, घेतली. पोटात काही घालून घे म्हणालास ना, उपमा खाऊन घेतली."

मग भाजी काय केलीस, नळाला पाणी आलं का, असं करत चार मिनिटं. शहराच्या दुसऱ्या टोकाला, तारनाक्याच्या दोन खोल्यांत जयवंताबाईंशी दिवसभरात मराठी बोलणारं दुसरं कुणी नव्हतं.

गोळी म्हणजे हळदीचा अर्क, त्यात थोडा मिरीचा. संधिवाताने आईची बोटं सुजतात म्हणून विक्रमने मोबाइलवर वाचून सुरू केलेली. डबी महिन्याच्या महिन्याला आपोआप दारात. जन्मभर निजामाबादची हळद डाळीत घातली, तिचं कुणी नाव काढलं नाही. आता तीच डबीत बसून औषध झाली, याचं बाईंना हसू यायचं. बोटांना उतार पडला का, ते त्यांना नक्की सांगता आलं नसतं. आठ चाळीस ते आठ चव्वेचाळीस मात्र ती खरंच कमी दुखायची.

संधिवाताचं औषध देणाऱ्या विद्यानगरच्या डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला. लिव्हरचे आकडे वाढले होते.

"अम्मा, मेरी दवा के साथ और क्या लेते आप?"

"कुछ नहीं. हल्दी."

"खाने की?"

"गोली की." हळद ती काय डॉक्टरला सांगायची गोष्ट, असं बाईंना सहा महिने वाटत आलं होतं.

"आज से बंद. दाल में डालते ना, उतनी बस."

दुसऱ्या सकाळी फोन आला. "घेतलीस?"

"घेतली," बाई म्हणाल्या. बंद झाली म्हटलं, तर उद्यापासून त्याला विचारायला काय उरणार? चार दिवस डबीचं झाकण न उघडता त्यांनी "घेतली" म्हटलं.

पाचव्या दिवशी विक्रम खुशीत होता. "अश्विनीच्या आईलापण मागवतोय, पुण्याला. त्यांच्यापण संधिवाताच्या गोळ्या चालूच आहेत. म्हटलं, माझ्या आईला बघा, केवढा फरक पडलाय!"

बाई खुर्चीत टेकल्या. विहीणबाईंशी त्यांचं फारसं जमत नसे, पण त्यांचं वाईट व्हावं, इतकंही नाही.

"नक्को रे. मागवू नको." आणि मग डॉक्टर, रिपोर्ट, सगळंच सांगून टाकलं.

"म्हणजे चार दिवस खोटं बोललीस? लिव्हरचं मला सांगायचं नाही?"

"सांगणार होते."

"मग?"

"तू रोज विचारत होतास."

तिकडून नुसते हॉर्न. "ठेवतो आई. सिग्नल सुटला."

दुसऱ्या दिवशी आठ चाळीस झाले. पन्नास झाले. बाईंनी ओटा पुसला, पुसलेलाच पुन्हा पुसला. नवाला पाच कमी असताना त्यांनी स्वतःच फोन लावला.

"काय झालं आई? बरी आहेस ना?"

"बरी आहे. गोळी घेतली नाही, तेवढं सांगायचं होतं."



"काय खाऊन नाही घेतलीस?"

"इडली," जयवंताबाई म्हणाल्या. "दोन."