भोवतीचं कापड

"भोकाकडे काय बघत बसलीस? आधी भोवतीचं कापड बघ. ते धरणारं असेल तरच सुई घाल. नसेल तर हात जोड आणि कपडा परत पाठव."

थोरल्या जाऊबाईंनी रफूची पहिली सुई हातात देताना हे बजावलं होतं, त्याला तीस वर्षं झाली. जाऊबाई गेल्या, पण धाकटी ती धाकटीच राहिली. अठ्ठावन्न वर्षांची धाकटी. लाँड्रीच्या मागच्या खोलीत, इस्त्रीच्या वाफेत आणि टांगलेल्या कोटांच्या रांगेत तिचं टेबल होतं. तिने जोडलेला कपडा हातात देताना लाँड्रीचा मालक गिऱ्हाइकाला म्हणायचा, "भोक कुठे होतं ते तुम्हीच आठवा बुवा, मला काही सापडत नाही."

गेल्या दोन वर्षांत मात्र ती खोलीच जवळ जवळ सरकत चालली होती. आधी दोन्ही बाजूंचे कोट गेले, मग दार, मग टेबलाच्या कडा. समोर ताटलीएवढा उजेड उरला होता. तेवढ्यात सुई, दोरा आणि भोक मावत होतं, म्हणून ती गप्प होती. डावा डोळा काचबिंदूने सहा वर्षांपूर्वीच नेला. उजव्यात तोच आजार, त्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आणि वरचेवर आतून सुजण्याची खोड. चार तऱ्हेचे थेंब होते, त्यांनी नजर पुसट व्हायची. गोळ्या होत्या, त्यांनी बोटांच्या टोकांना मुंग्या यायच्या. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधल्या काठावर रफूचं टेबल.

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी डोळ्याचा दाब मोजला आणि पेन खाली ठेवलं.

"छत्तीस. याच्या निम्मा तरी व्हायला हवा, मावशी. आता थेंबांवर भागणार नाही. ऑपरेशन करावं लागेल."

"कुठलं?" लेकीने विचारलं. लेक शाळेत शिकवायची. वही उघडूनच बसली होती.

"तोच तर प्रश्न आहे. आतलं पाणी बाहेर जायची वाट तुंबलीय, म्हणून दाब चढतो. बारीक भोक पाडून पाण्याला नवी वाट देता येते. डाव्या डोळ्याला केलं होतं तेच."

"ते चार महिन्यांत बुजलं," धाकटी हळूच म्हणाली.

"हो. सुजऱ्या डोळ्यात ते पुष्कळदा बुजतं. शरीर जखम भरून काढतं, आणि इथे नेमकी ती भरायला नको असते. दुसरं म्हणजे नळी बसवायची. ती टिकायची आशा जास्त, पण काम मोठं. दाब एकदम खाली जायचीही भीती, आणि दोन-तीन महिने तरी सुई बंद. तिसरं, पाणी तयार करणारा भागच लेझरने थोडा जाळायचा. एकच डोळा उरलाय, म्हणून ते मी शेवटावर ठेवते."

"मग नळीच ना?" लेक लिहिता लिहिता म्हणाली.

"तसंच म्हटलं असतं. पण सुजेचे थेंब बंद करून वर्ष झालं, तरी डोळा आतून स्वच्छ आहे. आपणहून इतका शांत राहिला असेल, तर भोकाचं छोटं कामही धरेल. महिन्याभरात मावशी टेबलावर." त्या धाकटीकडे वळल्या. "ते दुधासारखे पांढरे थेंब, हलवून घालायचे. खरंच बंद आहेत ना?"

"बंद आहेत," धाकटी म्हणाली.

म्हटलं आणि तिला वाटलं, चारी भिंती आणखी एक बोट जवळ आल्या.

"बरं. गुरुवारी ठरवू. येताना घरातल्या डोळ्याच्या झाडून सगळ्या बाटल्या आणा. भरलेल्या, अर्ध्या, रिकाम्या. शब्द द्या मला."

"दिला."

जिना उतरताना लेक म्हणाली, "डॉक्टरांपुढे काय गोड बोलतेस गं आई! घरी मी थेंबांची बाटली काढली की म्हणतेस, आली माझी सासू."

धाकटी हसली. हसण्यावारी नेणं सोपं होतं.

पांढरी बाटली तिच्या दोऱ्यांच्या डब्यात होती, तपकिरी रिळांच्या खाली. तो डबा ती रोज घरून लाँड्रीत न्यायची-आणायची. या थेंबांनी सूज उतरते पण दाब चढतो, असं सांगून डॉक्टरीणबाईंनी ती बंद केली, आणि आठवड्यातच नजरेसमोर धुकं दाटलं. धुक्यात रफू कशी करायची? जुनी चिठ्ठी दाखवली, औषधवाल्याने ओळखीने बाटली दिली. धुकं विरलं. पुढे रोज सकाळी एक थेंब झाला. बाटली बंद करावी तर सूज, घालावी तर दाब. वर्षभर ती या दोन भिंतींमध्ये अंग चोरून उभी होती.

तिचा एक नेम होता. पहिला टाका घालण्याआधी हात जोडून देवाचं नाव घ्यायचं आणि तोवर कुणाशी बोलायचं नाही. पहिल्या सुईपासून तो मोडला नव्हता. आता फक्त हात जोडण्याआधी डबा उघडायचा. देवाआधी बाटली. तेवढा वेळही ती तोंडातून अक्षर काढत नसे, म्हणून मनाला समजवायची, नेम पाळलाच की.

आणि आता सांगायचं तरी कसं? सांगितलं तर नळी, मोठं काम, रिकामे हात. शिवाय लेक वर्षभर रोज घड्याळ लावून बाकीचे थेंब घालत होती, तिच्या तोंडाकडे बघायचं कसं? नाही सांगितलं तर महिन्याभरात टेबल. देवाच्या मनात असेल तर टिकेलही भोक, असं ती दोन दिवस घोकत राहिली.

बुधवारी मालकाने लोकरीचा कोट आणून दिला. "कोपराला एवढंसं भोक आहे, मावशी. तुमच्या डाव्या हातचा मळ."

तिने कोट उजेडात धरला. भोक खरंच लहान होतं, कडा नीट दिसत होत्या. तिने आतल्या शिवणीतून त्याच लोकरीचा धागा काढला, सुईत ओवला, पहिला टाका घातला, दुसरा घातला आणि हलकेच ओढला.

कापड ओल्या कागदासारखं फाटत गेलं. वीतभर.

मालक धावत आला. त्याने अस्तर उलटलं. भोवतीचं सगळं कापड विरून गेलं होतं आणि कुणीतरी मागून डिंकाने चिंधी चिकटवून ते वरून साजरं केलं होतं.

"कुणाची ही कारागिरी?" मालक म्हणाला. "आणि तुम्हाला दिसलं कसं नाही? लांबून मला दिसतंय, इथे रंग वेगळा आहे."

तिला दिसलं नव्हतं. ताटलीएवढ्या उजेडात भोक तेवढं मावलं होतं, भोवतीचं कापड बाहेर राहिलं होतं. बोटांना कळलं असतं, पण बोटांत मुंग्या होत्या. तीस वर्षांत पहिल्यांदा तिने नुसत्या भोकाकडे बघून सुई घातली होती.

"जाऊ द्या," मालक नरमला. "आधीच विरलेलं होतं म्हणून सांगतो त्यांना."

"विरलेलं होतं," ती म्हणाली. "पण फाडलं मी. तसंच सांगा."

"मावशी, उगाच कशाला ओढवून घेता?"

ती त्या चिंधीवरून अंगठा फिरवत राहिली. वरून किती नीट दिसत होतं. डॉक्टरीणबाईंनाही तसंच नीट दिसलं होतं. स्वच्छ, शांत, धरेल असं. उद्या त्यासुद्धा विश्वासाने सुई घालतील. आणि कोट फाटला तर दुसरा मिळतो.

गुरुवारी लेकीचा सकाळचा वर्ग होता. "मी तिकडून परस्पर दवाखान्यात येते. तू रिक्षाने ये, आणि रिक्षावाल्याला जिन्याशी थांबायला सांग," असं चारदा बजावून ती गेली.

दार लागल्यावर धाकटीने कापडी पिशवी घेतली. कपाटातल्या चार बाटल्या, खिडकीतल्या दोन रिकाम्या, उशाखालची एक. मग ती दोऱ्यांच्या डब्यापुढे बसली. आज आधी हात जोडले. देवापाशी तिने डोळा मागितला नाही. लेकीसमोर आवाज फुटू दे, एवढंच मागितलं.

मग डबा उघडला. तपकिरी रिळं बाजूला करून पांढरी बाटली काढली. सवयीने हाताने ती हलवलीसुद्धा. डोळ्याशी नेलेला हात खाली आला. थेंब घालायचा की नाही, ते आता डॉक्टरीणबाईच सांगतील.

बाटली तिने पिशवीत घातली, सगळ्यांच्या वर, उघडल्याबरोबर दिसेल अशी. पायांनी चपला चाचपल्या, कुलूप लावून दोनदा ओढून पाहिलं. मग पिशवी छातीशी धरून, एक हात भिंतीला लावून, पायरी पायरी मोजत ती खाली उतरू लागली.