मागच्या चाकाचा दगड

आजही दगड मागच्या चाकाला लावलेला होता, आणि तो पिकअपवालीने लावलेला नव्हता.

तोंडात ब्रश तसाच ठेवून ती अंगणात त्याच्याकडे बघत उभी राहिली. दगडात बघण्यासारखं काही नव्हतं. एका अंगाने सपाट, दोन्ही हातांनी उचलावा लागेल एवढा. झोपण्याआधी तिने तो पायाने ढकलत नळापाशी नेऊन ठेवला होता. रोज ठेवायची. आणि रोज सकाळी तो मुकाट्याने चाकामागे येऊन बसायचा.

तिला भीती वाटत नव्हती म्हणाल, तर सुरुवातीला वाटली होती. पण माणसाला कशाचीही सवय होते, आणि या बाईला तर त्या दगडाची ओढच लागली. डोळे उघडले की आधी खिडकीतून दगड बघायची, मग चहाचं आधण ठेवायची. दगड आहे म्हणजे हे येऊन गेले. हे म्हणजे तिचा नवरा. त्याला जाऊन वर्ष होत आलं होतं.

पिकअप त्याचीच. सुताराच्या कारखान्यातली कपाटं, टेबलं घरोघरी पोचवायचा तो. तो गेल्यावर हिने स्टेअरिंग हातात घेतलं, आणि बाजाराने तिचं नाव पिकअपवाली करून टाकलं. गाडी चांगली होती, फक्त हँडब्रेक सैल. दांडी ओढली की पार वर छताकडे बघायची आणि गाडी आपली उताराला लागायची. गिअर टाकून ठेवावा तर तोही मनात आलं की सुटायचा. घरचं अंगण उताराचं. वर फाटक, खाली घर. गाडी फाटकाकडे तोंड करून लावली की तिची पाठ येते सासूबाईंच्या खोलीच्या भिंतीसमोर, आणि भिंतीच्या पलीकडे लगेच सासूबाईंचा पलंग.

नवरा रोज म्हणायचा, उद्या ब्रेक ताणतो. तो उद्या काही उजाडला नाही. तोवर हा दगड चाकामागे टाकायचा. एके दिवशी खोलीत फार उकडत होतं म्हणून सासूबाईंनी दार उघडं राहावं यासाठी तोच दगड दाराला लावून घेतला. गाडी सुटली. हा धावत मागे गेला, गाडीच्या मागच्या फळीला पाठ लावली, टाचा रोवल्या आणि आत झोपलेल्या आईसाठी गाडी अडवून धरली. भिंतीला तडाही गेला नाही. तो मात्र मधल्या मध्ये चेंगरला.

त्यानंतर त्या घरात दगडाचा विषय कोणी काढला नाही. सासूबाईंनी नाही, सुनेनेही नाही.

आणि एवढं होऊनही या बाईने ब्रेक ताणला नाही. आता काय म्हणावं हिला! एरवी इतकी हिशोबी, काटेकोर, गाडीचं तेल वेळेवर बदलणारी. हिला काय कळत नव्हतं का? सगळं कळत होतं. पण ब्रेक घट्ट झाला तर दगडाची गरज उरणार नाही, आणि दगडाची गरज उरली नाही तर हे कशाला येतील? म्हणून झोपण्याआधी उतारावर गाडी सैल सोडायची, दगड बाजूला करायचा आणि देवावर नाही तर नवऱ्यावर हवाला ठेवून झोपायचं. म्हातारी भिंतीपलीकडे. कोणी ऐकलं असतं तर तिला वेड्यात काढलं असतं, आणि ते चुकलंही नसतं.

आज मात्र काहीतरी वेगळं होतं. गाडी दगडासकट खाली घसरली होती. मागची फळी आणि भिंत यांच्यात माणूस आडवा होऊन जेमतेम शिरेल एवढीच जागा राहिली होती. ती चूळ भरायची विसरली आणि वाकून त्या फटीत बघायला लागली.

मातीत टाचांचे दोन चर होते. खोल, लांब, भिंतीपर्यंत घसरत आलेले. गाडीला पाठ लावून कोणीतरी सगळा जोर टाचांवर घेऊन उभं होतं. एकदा घसरलं होतं, पुन्हा टाचा रोवल्या होत्या, पुन्हा घसरलं होतं. तिने चराला बोट लावलं. आतली माती ओलसर होती, नुकती उकरलेली.

दगड लावून हे निघून जातात अशी तिची समजूत होती. ते जातच नव्हते.

"दिसलं?" खिडकीतून सासूबाईंचा आवाज आला.

ती दचकून उभी राहिली. सासूबाई गजांना धरून उभ्या होत्या. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्यांना काठीशिवाय दोन पावलं टाकता येत नसत, पण कान अजून शाबूत होते.

"काय दिसलं, आई?"

"माझ्यासमोर सोंग नको. मी रोज ऐकते. माझ्या उशाशीच असतो तो. धापा टाकतो. पहाट होईपर्यंत नुसत्या धापा. लहानपणी गव्हाचं पोतं उचलून आला की टाकायचा तशा." सासूबाईंनी पदराने नाक पुसलं. "तुला सांगितलं असतं तर तू घाबरली असतीस. म्हणून गप्प बसले."

"मी पण," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्हाला कळलं तर तुम्ही ब्रेक ताणायला लावाल."

"लावणारच आहे. आजच्या आज. वर्षभर माझ्या लेकाला तिथे जुंपून ठेवलंयस, बाई. आणि मी तरी काय वेगळं केलं? तेवढाच त्याचा आवाज ऐकू येतो म्हणून पडून राहिले." त्यांची नजर चाकामागच्या दगडाकडे गेली. "दगड मीच मागून घेतला होता त्याच्याकडे."

सुनेला एकदम रडू आलं. वर्षभर दाबून ठेवलेलं, नाकातोंडातून येणारं. सासूबाईंनी गजांतून हात बाहेर काढला, पण तो तिच्या खांद्यापर्यंत पोचला नाही.

मिस्त्रीला फोन केला तर तो म्हणाला, चार दिवस वेळ नाही. चार दिवस कोण थांबतंय! तिने कारखान्यात आज खाडा सांगितला आणि दुपारी गाडी फाटकाबाहेरच्या सपाट रस्त्यावर काढली. पुढच्या चाकांना विटा लावल्या, जॅकने मागची बाजू उचलली, खाली लोखंडी स्टँड दिले आणि हलवून बघितलं. पक्के होते. पण दांडी ओढायला कोणीतरी हवं.

"मी आहे की," सासूबाई म्हणाल्या.

त्यांना सीटवर चढवणं म्हणजे कपाट चढवण्यापेक्षा अवघड काम. "ढकल की, भरलेलं कपाट चढवतेस आणि मला का नाही," असं म्हणत म्हणत त्या एकदाच्या बसल्या. काठी मांडीवर, एक हात दांडीवर.

"मी ओढा म्हटलं की ओढायचं, सोडा म्हटलं की सोडायचं. बाकी कशाला हात लावायचा नाही."

"माझ्या लेकाची गाडी, आणि मलाच शिकव."

ती पोतं अंथरून गाडीखाली सरकली. दांडीपासून निघालेली तार मागच्या दोन चाकांकडे फुटते, तिथे ताणायचा नट असतो. नट गंजला होता. तिने त्याला तेल पाजलं, थोडा वेळ दिला, मग पाना लावला. नट कुरकुरला आणि फिरला.

"ओढा."

दांडी कटकट करत वर गेली. चाक हाताने फिरवलं तर अजून फिरत होतं.

"सोडा."

आणखी ताणलं. ओढा, सोडा, असं बराच वेळ चाललं. सासूबाईंचा जोर तो केवढा, तार कशीबशी ताठ व्हायची. मग एकदा ती "ओढा" म्हणाली आणि तार अशी तटकन ताठ झाली की तिचा पाना हातातून निसटला. दोन्ही चाकं जागच्या जागी आवळली गेली. दांडी चार-पाच कटांतच थांबली होती. जशी थांबायला हवी तशी.

"बास, आई! सोडा आता."

तार हळूच सैल झाली. तिने चाकं फिरवून बघितली. सोडल्यावर मोकळी फिरत होती, कुठे घासत नव्हती. मागचा नट आवळून तिने काम पक्कं केलं आणि कपाळाला ग्रीस फासत बाहेर आली.

सासूबाई फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसल्या होत्या. काठी हातात, पाय लांब केलेले.

"तुम्ही कधी उतरलात?"

"मघाशीच. पायाला गोळा आला. धरत धरत उतरले."

"मग आत्ता ओढलं कोणी?"

सासूबाईंनी केबिनकडे बघितलं. केबिनचं दार उघडं होतं आणि सीट रिकामी होती.

"तू ओढा म्हणालीस," त्या शांतपणे म्हणाल्या. "त्याने ओढलं. त्याचंच राहिलेलं काम होतं ना ते."

भर उन्हात तिच्या अंगावर काटा आला. तिने स्टँड काढले, गाडी खाली घेतली आणि उलटी घालून अंगणात लावली. गिअर मुद्दाम टाकला नाही. हँडब्रेक ओढला, उतरली, आणि पुढे जाऊन दोन्ही हातांनी गाडी उताराकडे रेटली. गाडी हलली नाही.

मग ती मागे गेली आणि त्या दोन चरांत पायाने माती लोटली, नीट दाबून सारखी केली. "झालं," ती हळू आवाजात म्हणाली. "आता सोडा. जा तुम्ही." हे म्हणताना तिचा जीव तुटत होता, पण म्हणाली. रात्री दगड नळापाशी ढकलून ठेवला, दाराला आतून कडी घातली आणि उशीत तोंड खुपसून झोपली, पलंगाच्या आपल्या बाजूला. दुसरी बाजू वर्षभर चादरीला सुरकुती नाही अशी राहिली होती.

सकाळी दगड नळापाशी होता. ती अनवाणीच अंगणात धावली होती, आणि दगड बघून तिथेच मटकन बसली. गेले. खरंच गेले. बरं झालं असं स्वतःला समजावत होती, आणि तेवढ्यात तिला दिसलं की दबलेल्या मातीत टाचांचे चर नाहीत, पण पावलं आहेत.

मागच्या फळीपासून निघाली होती. फाटकाकडे नाही, घराकडे. रेंगाळत, पाय ओढत टाकलेली, थकलेल्या माणसाची. पायरीवर माती, उंबऱ्यावर माती. कडी घातलेल्या दारातून ती आत्ता बाहेर आली होती, स्वतः कडी काढून. तरी पावलं त्या दारातून आत गेली होती. ओटीवरून, स्वयंपाकघरातून, तिच्या खोलीत. पलंगाच्या दुसऱ्या बाजूला ती संपली. परत फिरलेलं एकही पाऊल नव्हतं.

उशी खोलगट दबली होती. तिने तळवा टेकवला. चादर ऊबदार होती.

ती मागे सरकली, आणि पाठीमागच्या फडताळावरचा तांब्या खणकन खाली पडला.

"अगं, हळू," पलीकडच्या खोलीतून सासूबाईंचा दबका आवाज आला. "वर्षभर जागाय तो. झोपू दे त्याला."