कलशातलं पाणी

मुत्तैया स्थपतीने अम्मन देवीच्या मूर्तीच्या गुडघ्यावर हातोडी हलकेच मारली. ठण् असा आवाज गाभाऱ्यात घुमला. पुजारी कल्याणसुंदर गुरुक्कळांचे खांदे आक्रसले.

"दचकता काय सामी? नुसता दगड आहे आता हा. सकाळी तुम्हीच अम्मनला कलशात उतरवलंत ना?"

गुरुक्कळ उपरण्याला हात पुसत राहिले. हात कोरडेच होते.

जीर्णोद्धाराआधी मूर्तीतली शक्ती मंत्राने कलशातल्या पाण्यात उतरवायची, तो कलश बाहेर झावळ्यांच्या मांडवात पुजायचा आणि काम सरलं की तिला परत मूर्तीत आणायचं, ही पांड्य राजांच्या काळापासूनची रीत. जोत्यावर कोरलेली दानाची अक्षरं झिजली, गोपुरावरचे द्वारपाल पडून नवे आले. अम्मन तीच राहिली.

हातोडी मूर्तीच्या कमरेशी आली. आवाज बसला. मुत्तैयाने पुन्हा मारून कान लावला.

"तडा पार आत गेलाय. भंगलेली मूर्ती पुजता येत नाही. मी नवी घडवतो. हिला उद्या ताम्रपर्णीत सोडा."

दुसऱ्या दिवशी घाटावर एका गड्याने मूर्तीच्या गळ्यात दोर टाकला.

"गळ्याला नको रे. कमरेला बांध."

"दगडाला कसला गळा, सामी?" गडी हसले.

गुरुक्कळांनी तोंड उघडलं. सगळं गाव त्यांच्याकडे बघत होतं.

"काही म्हणालात?" गड्याने विचारलं.

"शेवाळ आहे. पाय जपा."

मूर्ती पालथी पाण्यात गेली. ना दिवा, ना फूल; दगडाला ते लागत नाही. बराच वेळ बुडबुडे येत राहिले.

संध्याकाळी मांडवात कलशापुढे दाटी झाली. गुरुक्कळांनी दहीभाताचा नैवेद्य दाखवला, मग तो केळीच्या पानात बांधून ते नदीकडे निघाले. बायको, गोमती, आडवी आली.

"अहो, नैवेद्य घेऊन कुठे?"

"काल शेवटच्या मंत्राला वर पाहिलं, गोमती. ती बघत होती माझ्याकडे. पुढचा मंत्र तोंडातून निघालाच नाही."

गोमतीने वळून कलशाकडे पाहिलं.

"आणि घाटावर गप्प राहिलात?"

मागून हाक आली. एका बाईने तापाने फणफणलेलं मूल कलशापुढे निजवलं होतं.

"सामी, अम्मनचं तीर्थ द्या हो याला."

गुरुक्कळांनी पुडी गोमतीच्या हातात दिली. ते परत फिरले, मुलापाशी बसले आणि पळीभर पाणी त्याच्या ओठांवर सोडलं.